झिजलेला गिअर आणि कारणाचे अनुमान

कार्य समोर दिसत असते आणि कारण घडून गेलेले असते. अशा वेळी कार्यावरून कारण निश्चित कळू शकते का, यावर न्यायदर्शनात मोठा खल झाला आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनात अकाली झिजलेला गिअर हे या प्रश्नाचे नेमके उदाहरण आहे. एकाच झिजेची चार-पाच कारणे संभवतात, आणि इंजिन बांधताना ती सगळी एकदमच आत शिरलेली असू शकतात.

शेवरोलेचे १९५५ साली आलेले अमेरिकन स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन घ्यावे. त्याच्या कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला तिरक्या दात्यांचा गिअर असतो. त्यात काटकोनात अडकलेला दुसरा गिअर डिस्ट्रिब्युटर फिरवतो आणि त्याच दांड्याच्या खालच्या टोकाला ऑइल पंप जोडलेला असतो. ठिणगी वाटण्याचे काम हलके. खरा भार असतो तो तेल ढकलण्याचा. शिवाय तिरके दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतात. त्यामुळे धातूची जोडी, तेल किंवा बसवणी यांतले काहीही चुकले की डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दाते सुरीच्या पात्यासारखे धारदार होतात आणि ठिणगीचे टायमिंग सरकू लागते.

इंजिन बांधताना कॅम बदललेला असतो, पंप जास्त क्षमतेचा घातलेला असतो, तेल दाट भरलेले असते, हेड आणि ब्लॉक रंधून सपाट केलेले असतात. ‘काम केल्यानंतर झीज झाली’ एवढ्यावरून यांतल्या कोणत्याही एकाकडे बोट दाखवणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला असा प्रकार होतो.

न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले. कारणावरून कार्य ते पूर्ववत्, कार्यावरून कारण ते शेषवत्, आणि तिसरे सामान्यतोदृष्ट. शेषवताचे प्रसिद्ध उदाहरण नदीचे: पूर आलेला दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असे कळते. याला आक्षेपही सूत्रांतच नोंदवला आहे. नदी अडवल्यानेही पाणी चढू शकते, मग पुरावरून पाऊस कसा ठरवायचा? उत्तर असे की अडवलेल्या पाण्याचे चढणे आणि पावसाचा पूर ही एकच गोष्ट नव्हे. सूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन पावसाच्या पुराच्या खुणा देतात: प्रवाहाचा वेग वाढलेला, फेस पुष्कळ, पाण्याबरोबर फळे, पाने, लाकडे वाहत आलेली. आक्षेप घेणाऱ्याने फक्त ‘पाणी वाढले’ एवढेच पाहिले, म्हणून त्याचे अनुमान चुकले. दोष अनुमानाचा नाही, अपुऱ्या पाहण्याचा आहे. संपूर्ण न्यायपरंपरेतले हे एक फार मोलाचे उत्तर आहे.

गिअरच्या बाबतीत हे उत्तर शब्दशः लागू पडते. ‘गिअर झिजला’ हे सामान्य कार्य काहीच सांगत नाही. झीज कुठे आणि कशी, हे सांगते. डिस्ट्रिब्युटरचे सगळे दाते सारखे खाल्लेले आणि कॅमचे दाते जवळजवळ शाबूत असतील, तर धातूच्या जोडीवर पहिला संशय येतो: पोलादी रोलर कॅमवर जुना बिडाचा गिअर तसाच ठेवला गेला असावा. दात्यावरचा घासल्याचा पट्टा मधोमध न राहता एका टोकाला सरकला असेल, तर बसवणीची उंची बिघडली आहे. हेड आणि ब्लॉक रंधल्यामुळे मॅनिफोल्ड खाली बसते आणि त्याबरोबर डिस्ट्रिब्युटरही खाली उतरतो. अशा वेळी गिअरचा खालचा चेहरा ब्लॉकवर घासून चकचकीत झालेला सापडला, तर शंका उरत नाही. पट्टा जागच्या जागी, पण भार घेणाऱ्या बाजूवर खोल ओरखडे, असे दिसले तर पंपाचा जड भार किंवा तेलाची टंचाई शोधावी लागते. पट्टा पाहण्यासाठी दात्यांवर मार्किंग ब्लूचा पातळ हात देऊन इंजिन हाताने फिरवतात. निळा रंग जिथून पुसला जातो तिथे दाते खरोखर टेकतात. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या तर आणखी एक साक्ष मिळते. लोखंडी कीस चुंबकाला चिकटतो, ब्राँझच्या गिअरचा पिवळसर कीस घडीतच राहतो.

काही कारणे मात्र दात्यावर स्पष्ट लिहिलेली नसतात. साध्या टॅपेटच्या कॅमचे उंचवटे किंचित उतरते घासलेले असतात आणि त्यामुळे कॅम मागे ब्लॉकला दाबून राहतो. रोलर कॅमला हा उतार नसतो. त्याला पुढून अडवणारे बटन नसेल तर तो मागेपुढे हलतो, आणि दाते तिरके असल्याने त्या हालचालीने डिस्ट्रिब्युटरही मागेपुढे फिरतो. हे बंद इंजिनात दिसत नाही. चालू इंजिनावर टायमिंग लाइट धरली की टायमिंगची खूण एका जागी ठरत नाही, तेव्हा कळते.

नैयायिकांचा दुसरा सावधगिरीचा नियम उपाधीचा, म्हणजे लपलेल्या अटीचा. जिथे अग्नी तिथे धूर असतोच असे नाही. ओले सरपण असेल तरच धूर येतो. ‘रोलर कॅम घातला की गिअर खातो’ या विधानातही अशीच उपाधी लपलेली आहे. अनेक रोलर कॅमवर बिडाचा गिअर वेगळा दाबून बसवलेला असतो आणि तिथे जुना गिअर सुखाने चालतो. गिअर खातो तो विजोड धातूमुळे.

तरीही एक अडचण राहते. दोन भिन्न कारणे अगदी सारखेच कार्य करत असतील तर? परंपरेत हा प्रश्न तृणारणिमणिन्याय म्हणून ओळखला जातो: अग्नी गवतापासून होतो, अरणी घासून होतो, सूर्यकांत मण्यापासूनही होतो. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ठाम भूमिका घेतली की या तिन्ही अग्नींत जातिभेद आहे. कारण वेगळे असेल तर कार्यातही वेगळेपण असलेच पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात उलट बाजू घेऊन एका कार्याला अनेक कारणे असू शकतात असे मानले. उदयनांची भूमिका सिद्ध करणे कठीण आहे, पण शोध घेणाऱ्याला तीच उपयोगी पडते. फरक असणारच असे मानणारा तो सापडेपर्यंत पाहत राहतो.

याच कुसुमांजलीचा मूळ विषय ईश्वरसिद्धी आहे आणि तिथेही पहिला हेतू कार्यत्वाचाच: पृथ्वी, अंकुर वगैरे कार्ये आहेत, म्हणून घटाला जसा कुंभार तसा त्यांनाही जाणता कर्ता असला पाहिजे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींनी अशा युक्तिवादावर आधीच बोट ठेवले होते. घटाची विशिष्ट रचना पाहून कर्ता आठवतो; डोंगरालाही ‘रचना’ हाच शब्द लावला म्हणून तेच अनुमान चालत नाही. फिकट रंगाची कोणतीही वस्तू पाहून धूर समजावे आणि अग्नी आहे म्हणावे, तसे ते होईल. यावर नैयायिकांचे म्हणणे असे की कर्ता आहे एवढे कार्यत्वावरून ठरते, आणि तो सर्वज्ञ असल्याचे त्या कार्याच्या विशिष्ट स्वरूपावरून निघते: परमाणूंची जुळणी करणाऱ्याला परमाणू ज्ञात असलेच पाहिजेत.

हे उत्तर कसलेले आहे, पण त्याचा पहिला टप्पा नदीच्या उत्तराशी जुळत नाही. झिजेला काहीतरी कारण आहे हे इंजिन उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. ते कारण अमुक प्रकारचे, जाणते की जड, हे ठरवायला विशेष खूण लागते, आणि नुसते कार्यत्व ही विशेष खूण नाही. अंकुर हा वादाचाच विषय असल्याने तो कर्त्याविना झालेल्या कार्याचे विरुद्ध उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही, असे नैयायिक म्हणतात. पण त्याच न्यायाने तो व्याप्तीच्या, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ या नियमाच्या, बाजूनेही मोजता येत नाही. अर्थात ईश्वराचे अस्तित्व यातून खोडले जात नाही. खोडले जाते ते एवढेच की घट आणि वस्त्र यांवरून काढलेली व्याप्ती डोंगरापर्यंत आपोआप पोहोचते.