सोबतचे तेल

दिवाळीच्या संध्याकाळी पणत्या लावताना आपले सारे लक्ष ज्योतीकडे असते. तेलाची आठवण होते ती ज्योत मंदावू लागल्यावर. हे माझ्या ध्यानात आले ते मात्र दिवाळीत नव्हे, एका पावसाळ्यात.

मी वसईचा. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. २०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाऊस असा कोसळला की लोकल बंद पडल्या, वीज गेली आणि सखल भागांतल्या घरांत पाणी शिरले. आमचे देऊळ उंचावर. येऊ शकलो तेवढे आम्ही जमलो, मेणबत्त्या लावल्या आणि संकटात सापडलेल्यांसाठी प्रार्थना केली. अगदी मनापासून केली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरू लागले, तेव्हा आळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या आजींची मला आठवण झाली. जाऊन पाहतो तो आजी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. दोन रात्री त्यांनी भिजवलेल्या पोह्यांवर काढल्या होत्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, म्हणून देवळाच्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव नव्हते. "रात्री तुमच्या देवळात दिवे दिसत होते रे बाळा," त्या म्हणाल्या, "तेवढाच आधार वाटला." त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पुढे देवळाच्या नूतनीकरणासाठी सभा भरली. रंग, फरशी, घंटेचा मनोरा अशी चर्चा चालली असता फादरनी मध्येच विचारले, "पुन्हा पाणी भरलं, तर न चालणाऱ्या माणसांना कोण उचलील?" सभा गप्प झाली. मग एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "फादर, देव आहे ना! आधीच दोर नि होड्या जमवायच्या म्हणजे त्याच्यावर अविश्वासच की."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रद्धा आणि तरतूद यांचे खरेच वैर आहे काय? मला त्या वेळी येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट आठवली. वाटेवर लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला प्रवासी पाहून याजक पुढे गेला, लेवीही गेला. परक्या जातीचा शोमरोनी तेवढा थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. या गोष्टीवर मी कितीतरी प्रवचने ऐकली होती; पण ते तेल आले कुठून, हे कधी मनात आले नव्हते. दया त्याला त्या वाटेवर आली. तेल मात्र तो घरून निघतानाच घेऊन निघाला असला पाहिजे. देवावर भरवसा ठेवणारा आपला शेतकरीही मृगाआधी बियाणे काढून ठेवतोच. त्याला कुणी नास्तिक म्हणत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. तिरुवनंतपुरम आणि कोल्लमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आतल्या गावांत गेले. त्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते. चर्चमधूनही त्यांना हाक गेली होती. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस आलेल्या ओखी वादळाने याच किनाऱ्यावरची कितीतरी घरे उजाड केली होती. तरी ते गेले, आणि छपरावरच्या माणसाला त्यांनी धर्म विचारला नाही. उपयोगी पडली ती धड असलेली होडी, पाणी ओळखणारे हात आणि एका संध्याकाळी घरोघर पोचणारी हाक. यांतली हाक तर प्रत्येक देवळापाशी असते. दर रविवारी माणसे जमतात, घंटा आहे, सभागृह आहे, घरांची यादी आहे. उणीव असते ती हे सारे कशासाठी, या विचाराची.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिच्यानंतर आमची उपासना लॅटिनमधून मराठीत आली आणि वेदीपाशी पाठमोरे उभे राहणारे फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. ते मोठेच नूतनीकरण. आता आमची तोंडे दाराकडे वळायला हवीत, असे मला वाटते.

त्या वर्षी रंग राहिला; एक वही मात्र झाली. कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कुणाला रोजचे औषध लागते, कुणाला पोहता येते, कुणाकडे टेम्पो आहे, असे सारे तिच्यात आहे. पहिले नाव आजींचे लिहिले. त्या म्हणाल्या, "मी तर तुमच्या देवळात येत नाही!" मी म्हटले, "आजी, यायचं आम्हालाच आहे."

वही म्हणजे प्रेम नव्हे, हे मी जाणतो. पण वही नव्हती तेव्हा माझे प्रेम तिसऱ्या दिवशी पोचले होते.