सांभाळणे आणि सांभाळून घेणे

‘त्या केवळ पत्नी नव्हत्या.’ लक्ष्मीबाई टिळकांविषयीचं हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी नागपुरातच तीनदा ऐकलं. एकदा महाविद्यालयातल्या परिसंवादात, एकदा एका पुस्तकाच्या प्रकाशनाला आणि एकदा चर्चच्या आवारात, उपासना आटोपल्यावर चहा घेताना. तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. वाक्य गौरवाचं आहे आणि बोलणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. तरी त्यातला ‘केवळ’ मला टोचत राहिला. एखाद्या बाईला मोठं म्हणायचं, तर आधी तिला बायकोपणातून सोडवून घ्यावं लागतं, अशी समजूत त्या शब्दात दडलेली आहे. ती समजूत निदान लक्ष्मीबाईंच्या बाबतीत चुकीची आहे, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, त्याची मला खात्रीच आहे.

त्यांची कथा मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरची, सोवळ्याओवळ्याच्या धाकात वाढलेली मनू गोखले अकराव्या वर्षी टिळकांच्या घरात आली. नागपूरशी त्या घराचा संबंध जुना आहे. नारायण वामन टिळक इथं आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, ‘ऋषी’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढं टिळक पाळक झाले, आणि १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. म्हणजे लक्ष्मीबाई एका पाळकाच्या आणि एका संपादकाच्या पत्नी होत्या. ही दोन्ही माणसं एकच होती, एवढाच काय तो योगायोग.

या आयुष्याकडे पाहण्याच्या आणखी दोन पद्धती आहेत, त्या एकेका ओळीत बाजूला ठेवतो. ‘पतीसाठी सर्वस्वाचा त्याग करणारी साध्वी’ हे वर्णन ज्यांनी केलं, त्यांनी लक्ष्मीबाईंची आत्मकथा, ‘स्मृतिचित्रे’, पुरती वाचली नसावी. आणि ‘नवऱ्यानं धर्म बदलून बाईवर अन्याय केला, तिला फरफटत जावं लागलं’ असं म्हणणाऱ्यांनी ती मुळी उघडलीच नसावी.

‘केवळ पत्नी नव्हत्या’ म्हणणाऱ्यांनी मात्र पुस्तक वाचलेलं असतं, प्रेमानं वाचलेलं असतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालणं भाग आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं: लक्ष्मीबाईंचं खरं कर्तृत्व नवऱ्याच्या सावलीबाहेर आहे. त्यांचा विनोद, त्यांची भाषा, त्यांचा स्वतंत्र निर्णय हे सगळं त्यांचं स्वतःचं. संसार ही परिस्थिती, तिच्यावर मात करून त्या मोठ्या झाल्या.

आता त्यांचा सर्वांत स्वतंत्र निर्णय घेऊ. जातीचा विटाळ सोडायचा, हा तो निर्णय. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपलं सोवळं काही काळ पाळलंच. टिळकांनी बळजबरी केली नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार करून ठरवलं की या जाती देवानं केलेल्या नसून माणसानं केल्या आहेत, आणि कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. हा विचार कुणी त्यांच्या तोंडात घातला नव्हता. पण तो सुचला कुठं? एकाच छपराखाली दोन धर्म, दोन पाणवठे सांभाळण्याची रोजची कसरत जिथं चालली होती, त्या घरात. ते घर वगळलं तर प्रश्नच पडला नसता. म्हणजे संसार ही मात करण्याची अडचण होती, हे म्हणणं इथंच डळमळतं.

‘स्मृतिचित्रे’चंही तसंच. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहिणार होता, त्याला उपयोगी पडावं म्हणून आईनं आठवणी लिहायला घेतल्या. त्या ‘संजीवनी’ या नियतकालिकातून येऊ लागल्या आणि १९३४ पासून चार भागांत ग्रंथरूपानं निघाल्या. मराठीतलं एक थोर आत्मचरित्र नवऱ्याच्या चरित्राची टिपणं म्हणून सुरू झालं. ‘केवळ’वाले याला विधीचा खेळ म्हणतील. मला यात खेळ दिसत नाही. जी बाई चाळीस वर्षं एका माणसाकडे बारकाईनं पाहत होती, तिलाच स्वतःकडे इतक्या बारकाईनं पाहता आलं.

इथं थोडं विषयांतर करतो, पण ते मुद्द्याचंच आहे. मी काही वर्षं एका वृत्तपत्राच्या व्यवस्थापन विभागात काढली आहेत. आपल्याकडे वृत्तपत्रांचा इतिहास म्हणजे संपादकांचा इतिहास. नागपुरात संपादक गोपाळराव ओगल्यांचं नाव आणि त्यांचा ‘महाराष्ट्र’ जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण कागदाची रिळं कुणी उधारीवर आणली, वर्गणीच्या बाक्या कुणी वसूल केल्या, व्ही. पी. परत आल्या तेव्हा टपालखर्च कुणी सोसला, खिळे जुळवणाऱ्यांचा पगार पहिल्या तारखेला कसा झाला, हे कुठल्या गौरवग्रंथात सापडत नाही. अग्रलेख एका माणसाच्या बुद्धीतून येतो. अंक मात्र रोज पहाटे दारात पडतो तो व्यवस्थापनामुळे. पाळकाच्या घरातही वेगळं काही नसतं. प्रवचन रविवारी होतं. सोमवार ते शनिवार दारात येणारा भुकेला माणूस, घरात आणून ठेवलेलं पोरकं पोर, महिनाअखेरीस रिकामा डबा, हे सगळं दुसरंच कुणीतरी चालवत असतं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, मनात आलं की ते तो वाटून मोकळे होत. त्यांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले आणि त्यांना तिथं आईची माया मिळाली. टिळक दाते होते, हे खरंच. पण दान देणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी चूल पेटते, तेव्हा कुणीतरी हिशेब केलेला असतो.

या कामाला आपण ‘सोसणं’ म्हणतो, आणि तिथंच चुकतो. सोसणाऱ्याच्या हाती काही नसतं, जे वाट्याला येतं ते तो घेतो. लक्ष्मीबाई जे करत होत्या त्याला मराठीत सरळ शब्द आहे: सांभाळणं. त्यात रोज निर्णय आहे. काय ठेवायचं, काय सोडायचं, कुणाला आत घ्यायचं, कुठं हात आखडायचा. घर सांभाळणं, दुकान सांभाळणं, छापखाना सांभाळणं, सगळीकडे क्रियापद एकच आहे. वासुदेवराव बिर्जे गेल्यावर तानुबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ चालवला, तेव्हा त्यांनी नवऱ्याचं पत्र सांभाळलं असंच कोणीही म्हणेल. त्यांना पहिल्या मराठी स्त्री-संपादक म्हटलं जातं. हा मान त्यांना पत्नीपण बाजूला टाकल्यामुळे मिळालेला नाही.

पण मला ठाऊक आहे, हा शब्द निसरडा आहे. लग्न झालेल्या मुलीला माहेरची माणसं हळूच सांगतात, ‘सांभाळून घे गं.’ त्या वाक्यात किती जणींचं आयुष्य गेलं, याचा हिशेब कुणाकडे नाही. म्हणून माझा सगळा आग्रह अखेर एका छोट्या फरकावर येऊन थांबतो. सांभाळणं वेगळं आणि सांभाळून घेणं वेगळं. सांभाळून घेणारी दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालते, आणि घालता घालता स्वतःही त्या पांघरुणाखाली जाते. सांभाळणारीला दोष दिसावाच लागतो, नाहीतर ती सांभाळणार काय? पेढी सांभाळणारा तोटा लपवू लागला, तर पेढी बुडते.

‘स्मृतिचित्रे’ या कसोटीवर वाचून पाहा. टिळकांचा तापट स्वभाव तिथं जसाच्या तसा आहे. न सांगता घरातून निघून जाणं आहे, रुसवे आहेत, अव्यवहारीपणा आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर, त्याचं नाव ख्रिस्ती समाजात वंदनीय झालेलं असताना, बाईनं हे सगळं लिहिलं. एकाही ओळीत त्यांनी टिळकांना सांभाळून घेतलेलं नाही. आणि तरी पुस्तक मिटल्यावर टिळक लहान होत नाहीत. कैफियत लिहिणाऱ्या बायकोला हे साधलं नसतं, आरती लिहिणाऱ्या बायकोलाही नाही. हे साधतं ते ज्या बाईनं तो माणूस चाळीस वर्षं, जमा-खर्चासकट, आपल्या ताब्यात ठेवला तिलाच.

कुणी म्हणेल, हे अपवादाचं बोलणं झालं. लक्ष्मीबाईंना बोलता येत होतं, लिहिता येत होतं, बाकीच्यांचं काय? हा आक्षेप मला खोडता येत नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले, १८६३ साली बुडून गेले, त्यांच्या नावाचं महाविद्यालय १८८३ पासून या शहरात उभं आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या पत्नीचं नाव एरास्मा होतं, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे? जिनं काही लिहून ठेवलं नाही, तिनं काय सांभाळलं ते आपल्यापर्यंत पोचत नाही. पण यावर उपाय म्हणून ‘ती केवळ पत्नी नव्हती’ असं म्हणत राहिलो, तर जिच्याकडे दाखवायला पुस्तक नाही, ओवी नाही, ती ‘केवळ’ पत्नीच उरते, आणि म्हणून कुणीच नाही, असं ठरतं. लक्ष्मीबाईंना उंच करताना आपण असंख्य बायकांना खाली ढकलतो. माझा राग आहे तो यासाठी.

याच नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लक्ष्मीबाईंकडे होतं. ज्या गावाहून निघालेल्या गाडीत त्यांचा संसार दुभंगायला सुरुवात झाली, त्या गावात. आणि नवऱ्याच्या हातून अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या घरात होतं. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ लिहिले. शाळेत कधी न गेलेल्या बाईनं, म्हातारपणी, ओवीमागून ओवी. १९३६ साली त्या गेल्या आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात छापला गेला. नवऱ्याचं काम पुरं करायचं म्हणून लिहिलेले ते अध्याय आहेत, आणि मूळ कामाच्या सहापट आहेत. त्यांत कुठल्या ओवीपाशी पत्नी संपते आणि कवयित्री सुरू होते, ते मला कुणीतरी बोट ठेवून दाखवावं.