हा तोच रिपीटर का?

भिवंडीतल्या जुन्या कारखान्यातल्या मागाचे वय सांगणे अवघड असते. सांगाडा मुंबईच्या एखाद्या गिरणीने मोडीत काढलेला, फणी गेल्या वर्षीची, धोटा नवा, पिकर परवा बदललेला आणि मोटर कितीदा भरून घेतली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माग दुरुस्त करणारा जॉबर मात्र त्याला तोच माग म्हणतो आणि त्याचे बोलणे कुणाला चुकीचे वाटत नाही. ज्या गावाचा कपडा इतकी वर्षे अशा दुरुस्त केलेल्या यंत्रांवर विणला गेला, त्या गावाने तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न रोजच्या कामात सोडवून टाकला आहे, असे दिसते. प्रश्न असा: सगळे भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का? राहत असेल तर कशामुळे? मला तो मागाऐवजी बिनतारी संदेशाच्या जुन्या रिपीटरसंबंधी विचारायचा आहे. माग कपडा नवा करतो. रिपीटरने काहीच नवे करायचे नसते. दुसऱ्याचे बोलणे जसे आले तसे पुढे देणे एवढेच त्याचे काम. म्हणून ‘तोच’ या शब्दाची परीक्षा तिथे अधिक कडक होते.

हातातल्या व्हीएचएफ सेटचा आवाज साधारण दिसेल तिथवर, सरळ जातो. सह्याद्रीची एखादी सोंड किंवा उंच गोदामांची रांग आडवी आली की तो खुंटतो. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच बोलतो. हौशी रेडिओवाल्यांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंमधले अंतर प्रथेने ६०० किलोहर्ट्झ असते. बोलताना तो अँटेनाला ५० वॉट देत असेल, तर तिथे सुमारे ५० व्होल्ट असतात. ऐकायचा असतो तो मायक्रोव्होल्टच्या एखाद्या अंशाएवढा आवाज. अँटेना बहुधा एकच. स्वतःच्या गर्जनेत त्याहून कोट्यवधी पटींनी क्षीण आवाज बुडू नये म्हणून मधे धातूच्या मोठ्या नळकांड्यांचा फिल्टर लागतो आणि तो त्या दोन फ्रिक्वेन्सींशी हाताने, मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवावा लागतो. स्वतः बोलत असतानाही ऐकणे थांबू न देणे, एवढ्यासाठी इतका खटाटोप आहे.

असा संच चाळीस वर्षांचा झाला की त्याचे बरेच काही थकते. रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, क्रिस्टल वयाबरोबर मूळ फ्रिक्वेन्सीपासून थोडा सरकतो, सोल्डरचे सांधे तडकतात. सगळ्यांत आधी जातात ते पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्यातला द्रव सुकत जातो; शिवाय संच बरीच वर्षे बंद पडून असेल तर आतल्या अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरतो. अशा संचाला एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर कंडेन्सर गरम होऊन फुटतो. जाणता कारागीर म्हणून आधी सिरीज बोर्डवर बल्बमधून वीज देतो, किंवा व्हेरिअॅकने व्होल्टेज हळूहळू चढवतो. त्या हळू चढणाऱ्या व्होल्टेजखाली ऑक्साइडचा थर पुन्हा धरू लागतो. जो कंडेन्सर पार सुकला त्याचे मात्र काही होत नाही. तो काढून नवा लावायचा. असे करत दोन-चार वर्षांत सप्लाय, क्रिस्टल, रिले, शेवटचा ट्रान्झिस्टर, सगळे बदलून होते. आता हा तोच रिपीटर का?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन समर्थ उत्तरे फार पूर्वी दिली गेली. भिवंडी तालुक्यातच लोनाडला ज्यांचे लेणे आहे, त्या बौद्धांचे उत्तर मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात आहे. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का. आणि दाखवून देतो की भागांच्या पलीकडे ‘रथ’ नावाचा वेगळा पदार्थ नाही, तो व्यवहारातला शब्द आहे. मग रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला येतो: पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात नसते, तरी ती निराळीही म्हणता येत नाही, कारण एकीतून दुसरी निघालेली असते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते भागांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, खरोखर असते. पण या मताला एक किंमत मोजावी लागते. भाग काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि भाग जोडला की नवा जन्मतो. त्या हिशेबाने दहा कंडेन्सर बदलले तर दहा रिपीटर मेले आणि दहा जन्मले. तर्क म्हणून हे प्रामाणिक आहे, पण या हिशेबाने कुणाला कारखाना चालवता येणार नाही.

बौद्ध उत्तर मला जवळचे वाटते, तरी तेही अपुरे आहे. कारणांची अखंड साखळी हेच एकपण म्हटले, तर बिघाडाचे काय करायचे? बिघाडही अखंडच असतो. सप्लायची घरघर आवाजात मिसळू लागते, क्रिस्टल महिन्यामहिन्याला सरकतो, ऐकण्याची ताकद उतरत जाते, आणि यातली प्रत्येक अवस्था आधीच्या अवस्थेतूनच निघालेली असते. दुरुस्तीचा प्रवाह आणि कुजण्याचा प्रवाह यांत केवळ अखंडतेच्या मापाने फरक करता येत नाही. उलट पाहिले तर दुरुस्तीत प्रवाह क्षणभर तुटतो: वीज बंद करावी लागते, तार कापावी लागते, बाहेरचा परका तुकडा आत घ्यावा लागतो. तरीही दुरुस्त झालेल्या संचाला आपण ‘तोच’ म्हणतो आणि न तुटता कुजलेल्याबद्दल ‘आता तो राहिला नाही’ असे म्हणतो. या बोलण्यामागे काहीतरी खरे आहे.

कीर्तनांतून आणि प्रवचनांतून ऐकू येणारे तिसरे उत्तर असे, की वीज हा आत्मा आणि दिवा, पंखा, यंत्र ही शरीरे. शरीर बदलले तरी आतला प्रवाह एकच. दृष्टान्त लोभस आहे, पण ज्याने यंत्र उघडून पाहिले आहे त्याला तो पटणार नाही. भिवंडीतले वीजवितरण जानेवारी २००७ मध्ये महावितरणकडून टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेले. वीज देणारा हात बदलला, म्हणून एकही माग दुसरा झाला नाही. रिपीटरही ग्रिडवर चालतो, ग्रिड गेली की बॅटरीवर. त्याचे एकपण या अदलाबदलीत इकडचे तिकडे होत नाही. शिवाय वीज सगळीकडे सारखी असते, तर ओळख प्रत्येकाची वेगळी. जे सर्वांत सारखे आहे ते अमक्याला अमका कसे ठरवणार? कंडेन्सरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तीच वीज एकदम दिली तर मारते, धीराने दिली तर विरलेला थर पुन्हा बांधते. फरक वीज देणाऱ्याच्या हातात आहे. आत्मा आहे की नाही हा वाद मी इथे करत नाही; तो विजेच्या दृष्टान्ताने सिद्ध होत नाही, एवढेच म्हणतो.

मग ‘तोच’ कशाने? माझे उत्तर आहे: सोपवणुकीने. भाग काढताना जुन्या भागाने काय पाळले होते ते कुणीतरी मोजले, नव्या भागाकडून तेच पाळून घेतले आणि फरक पडला तर पुन्हा हात घातला, तर वस्तू तीच राहते. क्रिस्टल बदलला तरी फ्रिक्वेन्सी जुनीच, कारण नवा क्रिस्टल जुन्या मापाला उत्तरदायी आहे. जीर्णोद्धाराच्या विधीतला विचार मला याच जातीचा वाटतो. तिथे जीर्ण मूर्ती थेट हलवत नाहीत. तिच्यातले देवत्व आधी मंत्रपूर्वक कलशातल्या जलात घेतात, मग मूर्ती काढतात आणि पुढे त्याच जलाने नव्या मूर्तीत ते आणतात. पुरीला जगन्नाथाच्या नवकलेवरात, २०१५ मध्ये झाले तसे, जुन्या लाकडी विग्रहातला ब्रह्मपदार्थ नव्या विग्रहात ठेवतात. रिपीटरमध्ये असा कोणताही गूढ पदार्थ नाही, हे मान्य. पण विधीची रचना सांगते की जुने आणि नवे यांच्यामध्ये रिकामी जागा ठेवायची नाही. कुणीतरी ओंजळ धरून मधे उभे राहायचे असते.

याहून चोख पुरावा पैठणच्या एकनाथांचा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुकीचे पाठ आणि परक्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शोधून शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी तिच्यात घालू नये असे बजावले. एकनाथ स्वतः थोर कवी. भर घालण्याची ताकद त्यांच्याइतकी कुणाकडे असणार? तरी त्यांनी ती इथे वापरली नाही. वारकरी आज जी ज्ञानेश्वरी वाचतो ती ज्ञानेश्वरांचीच आहे, असे म्हणण्याचा अधिकार या संयमातून येतो. रिपीटर दुरुस्त करणाऱ्याचा संयमही याच प्रकारचा: आवाज स्वतःच्या आवडीने ‘गोड’ करायचा नाही, आला तसा जाऊ द्यायचा. भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या मागावर राबलेल्या मोमीन-अन्सारी घरांना हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत ठाऊक आहे. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, परंपरेत वचनाइतकेच त्याच्या इस्नादला, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले त्या साखळीला महत्त्व. साखळीतली एक कडी बेभरवशाची निघाली तर वचन कितीही सुंदर असो, ते दुबळे ठरते. अमानत हा शब्दही तिथलाच. ज्याच्या हाती वस्तू आली तो तिचा मालक नसतो. ती त्याच्याकडे ठेव म्हणून असते.

यावर एक आक्षेप मोठा आहे. काम पाळणे हेच एकपण असेल, तर भिवंडीभोवतीच्या गोदामांत रोज इतका नवा माल उतरतो. त्यातलाच एखादा नवा संच आणून तेच काम करून घेतले तर तोही ‘तोच’ का नाही? मी म्हणतो, असू शकतो. जुना संच चालू असताना नवा शेजारी ठेवला, त्याच मापाला जुळवला, तीच फ्रिक्वेन्सी, तोच परिसर त्याच्या हवाली केला, तर ती खरी सोपवणूक झाली आणि जुन्याला निरोप देण्यात काही गैर नाही. पण असे क्वचित होते. बहुतेकदा जुना भंगारात जातो, त्याचे माप कुणी घेत नाही, आणि नवा बसवणाऱ्याला आधी काय ऐकू येत होते हे ठाऊकच नसते. तेव्हा कामही तेच राहत नाही, फक्त नाव राहते. दुरुस्तीची थोरवी यात आहे की ती या मोजण्यातून सुटकाच देत नाही. बंद पडलेला भाग शोधायचा तर आधी चालू असताना तो काय करत होता हे समजून घ्यावेच लागते.

दुसरा आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो: हा जुन्याचा मोह आहे, गीता जीर्ण वस्त्र टाकायला सांगते. पण तिथे वस्त्र टाकणारा टिकून राहतो, हे विसरता कामा नये. मोह वस्तूला जपतो तो स्वतःसाठी; पेटीत ठेवलेला, रंग दिलेला, वीज न लावलेला जुना रिपीटर हा मोहाचा नमुना आहे आणि माझ्या व्याख्येत तो ‘तोच’ राहिलेलाही नाही. चालवण्यासाठी केलेली दुरुस्ती मोहाच्या उलट दिशेने जाते, कारण ती प्रिय भागही काढून फेकायला तयार असते. खंडेनवमीला यंत्राला हार घालतात तोही मला शोभेचा वाटत नाही. सण झाला की ते यंत्र पुन्हा कामाला लागणार असते. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि त्यात तथ्य आहे: जुने संच वीज अधिक खातात. जिथे बॅटरीवर रात्र काढायची तिथे हा दोष लहान नव्हे, आणि तेवढ्यासाठी सप्लाय आधुनिक करावा. वीज हे एकपण नसल्याने तिथे बदलायला पूर्ण मोकळीक आहे. मात्र २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल मुके झाले, तसा दिवस उजाडतो तेव्हा प्रश्न किती वीज खाल्ली हा नसतो. पलीकडच्या माणसाचा आवाज, त्याने उच्चारला तसा, इकडे आला का हा असतो. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ मध्ये, हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन गेले तेही एवढ्याच कामासाठी.

ज्यांच्याकडे असा एखादा संच माळ्यावर किंवा एखाद्या टेकडीवरच्या खोलीत पडून आहे, त्यांना एक विनंती आहे. त्याला थेट वीज लावू नका आणि थेट भंगारातही देऊ नका. व्होल्टेज हळूहळू चढवा. तो बोलू लागला तर कोणताही भाग काढण्याआधी सप्लायचे व्होल्टेज, दोन्ही फ्रिक्वेन्सी आणि किती क्षीण आवाज त्याला ऐकू येतो ते मोजा, आणि तारीख घालून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या माणसाला तिथूनच सुरुवात करायची आहे.