बॅटरी माझ्या कपाटात राहील

हसणं बंद करा आणि इकडे या. मघाशी तुमचा रोबो आपोआप फिरला, तो बिघाड नव्हता. पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने याच वायफायवरून, रोबोचा वेग ठरवणाऱ्या सीएमडी-वेल टॉपिकवर एक आज्ञा पाठवली आणि तुमचं धूड सरळ भिंतीकडे निघालं. मध्ये कुणाचा पाय असता तर?

तुमचा रोबो ज्या रॉस-१ या सॉफ्टवेअरवर चालतो, ते आज्ञा देणाऱ्याची ओळख विचारतच नाही. रोबोच्या सगळ्या प्रोग्रॅमची, म्हणजे नोडची, नोंद ठेवणारा मास्टर ११३११ पोर्टवर बसलेला असतो. नेटवर्कवर आलेला कुणीही त्याला विचारून रोबो हाकू शकतो. मे २०२५ मध्ये रॉस-१चा सपोर्टही संपला. आणि रॉस-२ वापरणाऱ्यांनी कॉलर ताठ करू नये. त्यात सुरक्षेची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. तुमच्यापैकी किती जणांनी चालू केली? रॉस-२ चे गट वेगळे करणारा डोमेन आयडी बदलला की झालं, असं मला ठासून सांगता! अरे, तो नुसता आकडा आहे. एकेक करून तपासायला कितीसा वेळ लागतो?

"आमचा रोबो कोण कशाला हॅक करेल," हे तर पुन्हा माझ्यासमोर बोलूच नका. २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी रेव्हन-२ या दुरून शस्त्रक्रिया करणाऱ्या रोबोच्या आज्ञा वाटेतच बदलून दाखवल्या. २०२२ मध्ये रुग्णालयांत औषधं पोहोचवणाऱ्या टग रोबोंच्या यंत्रणेत पाच त्रुटी सापडल्या. हे रोबो लिफ्टने फिरतात, दारं उघडतात. तिथे पेशंट असतात. तुम्हीही उद्या अशीच यंत्रं बनवणार आहात, म्हणून माझा जीव तुटतो.

आणि हा तुमचा इमर्जन्सी स्टॉप! लॅपटॉपच्या पडद्यावरचं लाल चित्र! नेटवर्क तुटलं की तोही गेला. खरं बटण रोबोच्या अंगावर हवं, दाबताच मोटरचा वीजपुरवठा तोडणारं. मध्ये सॉफ्टवेअर नको. वेगाची कमाल मर्यादा मोटर कंट्रोलरमध्येच घाला, म्हणजे खोटी आज्ञा आली तरी रोबो सुसाट सुटणार नाही. आज्ञा येणं थांबलं की त्याने जागेवर उभं राहायचं.

रोबोचं नेटवर्क कॉलेजच्या वायफायपासून वेगळं करा. पासवर्ड लिहून चिकटवलेली चिठ्ठी आत्ताच्या आत्ता काढा. रॉस-२ वर या, प्रत्येक नोडला प्रमाणपत्र द्या आणि सुरक्षा एन्फोर्सवर, म्हणजे सक्तीवर, ठेवा. नुसती चालू करून भागत नाही. मग पलीकडच्या टेबलावरच्यांना बोलवा आणि माझ्यासमोर रोबो हलवून दाखवायला सांगा. त्यांना जमलं नाही, तरच बॅटरी परत मिळेल.