तीन बोटं जागा

आषाढात चुडाव्याची काळी माती चपलेला सोडत नाही. एका पायाला शेर, दुसऱ्याला दीड शेर चिखल घेऊन माणूस जाणार कुठवर? म्हणून या दिवसांत ज्याला भेटायचं तो ओसरीवर हमखास सापडतो. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं हे रेल्वे स्टेशन. दक्षिणेला गोदावरी, जिला इकडं जुनी माणसं गंगाच म्हणतात. गंगेला गढूळ लोंढा आलेला असतो, आणि माझ्या ओळखीचे एक भोईमामा ओसरीच्या खांबाला दोरी बांधून जाळं विणत बसलेले असतात.

हत्यारं दोनच. सूत गुंडाळलेली बांबूची सुई आणि बांबूचीच एक पट्टी. पट्टी दीड बोट रुंद, हाताच्या घामानं काळपट झालेली, कडा गुळगुळीत. सूत पट्टीवरून घ्यायचं, वरच्या ओळीतल्या घरातून काढायचं, अंगठ्यानं दाबून धरायचं, मागून वळसा द्यायचा आणि ओढायचं. सूत करकरलं की गाठ बसली. पट्टी सरकवली की खाली घर तयार. ताणून धरलं तर पट्टीच्या दुप्पट, म्हणजे तीन बोटं. बोलता बोलता मामा मधूनच एखाद्या घरात तीन बोटं घालतात. नजर रस्त्यावरच्या म्हशीकडे असते, बोटं आपलं काम करून परत येतात.

"तीनच का?" मी एकदा विचारलं.

"बारकं निघून जाऊ द्या की गुरुजी. म्होरल्या साली तेच येतंय."

या उत्तरात मला पुढं बरंच सापडत गेलं. आपण जाळ्यात कोण सापडलं याची चर्चा करतो. पण विणणारा माणूस सूत आणि गाठी वापरून खरं तर भोकं करत असतो, आणि कोण सुटणार हे त्या भोकांच्या मापावर ठरतं. पट्टी एकदा हातात घेतली, पहिली ओळ पडली, की नंतर मन बदलून उपयोग नाही. शिवाय हे सगळं ठरतं ते पाण्यापासून लांब, मासा समोर नसताना. पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून, घरी चूल वाट बघत असताना, हाती आलेलं बोटभर पिल्लू परत सोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मीही सोडलं नसतं. पहिल्या पुरात अंडी घालायला वर निघालेले चढणीचे मासे लोक चाळणीनं, साडीनं, टोपल्यानं धरतात, तेव्हा शहाणपण कुणाला सुचतं? दया करायची तर ती आधीच, ओसरीवर, भाकरी खाऊन झाल्यावर विणून ठेवावी लागते.

इंग्रजांच्या देशात याच जातीचं एक काम हिवाळ्यात चालतं. ट्राउटचा हंगाम बंद असतो, नद्या थंडगार पडलेल्या असतात, आणि गळ टाकणारे लोक शेकोटीजवळ बसून खोट्या माश्या बांधतात. बारीक गळ चिमट्यात धरायचा, त्यावर रेशमाचा धागा, लोकर, कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं. पाण्यावर पडलं की माशाला किडा वाटला पाहिजे. आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटननं जो भाग जोडला, त्यात कोणत्या महिन्यात कोणती माशी बांधायची हे महिन्यामागून महिना देत सांगितलं आहे. म्हणजे ते एक पंचांगच. भोई माशाच्या अंगाचं माप घेतो, तर हा माणूस माशाच्या मनाचा अंदाज घेतो.

वाचून मलाही सुरसुरी आली. शेजारच्या कोंबड्याचं एक तांबूस पीस, शिवणाच्या पेटीतला दोरा आणि गळ घेऊन मी दुपारभर खपलो. जे झालं ते ना किडा होता ना पीस. मामांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "मरळीला बेडूक लागतंय गुरुजी, कोंबडी न्हाई." मरळीनंही तेच मत दिलं.

पण हातानं केलं म्हणजे सोवळं झालं, असं म्हणायची आपल्याकडे एक खोड आहे, तिला पिसांनीच उत्तर दिलंय. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेण लावल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. सामन माशासाठीच्या माशीवर हाच ठिपका डोळा म्हणून बसवायचा, यापायी इंग्रजी अमदानीत या पक्ष्याच्या माना परदेशी जात राहिल्या. आज ती निर्यात बंद आहे. पुढची गोष्ट तर आणखी विचित्र. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एडविन रिस्ट नावाच्या तरुण बासरीवादकानं पक्ष्यांची २९९ कातडी चोरली. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसनं दीडशे वर्षांपूर्वी मलाया द्वीपसमूहातून गोळा केलेली. कशासाठी? जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणाऱ्या शौकिनांना पिसं विकायला, आणि स्वतः बांधायला. त्या माश्या पाण्यात पडणारच नसतात, त्या काचेच्या पेटीत राहतात. त्या पेटीला ना नदी माहीत ना पुढलं साल, म्हणून पुरे कधी म्हणायचं हेही तिला कळत नाही. मामांचं जाळं सुबक आहे, पण ते नक्षत्र बदललं की गंगेत जाणार, आणि पुढच्या वर्षी मासे मिळाले नाहीत तर उपाशी मामाच राहणार. त्यांच्या तीन बोटांना अर्थ आहे तो त्यामुळं.

१९१३ मध्ये तेव्हाच्या फिनलंडमधल्या अँट्रिया गावी एका शेतकऱ्याला जमीन खणताना एक जाळं सापडलं. विलोच्या सालीच्या धाग्याचं, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचं. त्याचं घर साधारण ६ सेंटिमीटरचं. मी फूटपट्टी घेऊन बघितलं, माझी तीन बोटं आणि वर थोडी जागा. तो माणूस सुद्धा बारक्यांसाठी वाट ठेवत होता की त्याला फक्त मोठेच हवे होते, हे जाळ्यावरून समजत नाही. मामांच्या बाबतीत तरी कुठं समजतं? हिशेब आणि दया यांची गाठ एकाच सुतानं मारलेली असते, आणि मला ती सोडवायची हौस नाही.

आता जाळं किलोवर मिळतं. तंगूस पारदर्शक, हलकं, कुजत नाही. सुती जाळं रोज वाळवावं लागे, झाडांच्या सालींच्या काढ्यात उकळावं लागे, तरी दोन-चार वर्षांत विरायचं. त्या कष्टाचे गोडवे ते कष्ट न केलेल्या माझ्यासारख्यानं गाऊ नयेत. पण तयार जाळ्याबरोबर पट्टीही तयारच येते. घर किती ठेवायचं ते मशीन लावणाऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि त्याला गंगा माहीत नाही. सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यातच सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला बंदी आहे, आणि जाळ्याचं घर केवढं असावं याचे नियम करायची मुभाही आहे. मात्र कायदा जाळं पाण्यात गेल्यावर बघायला येणार, आणि तोही आला तर.

बीजही विकतच. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस पाळतात. फार मोठं काम. त्याआधी रोहू-कटल्याचं बीज पुराच्या पाण्यातून गोळा करावं लागे. आज बोटभर पिल्लं पिशवीत ऑक्सिजन भरून येतात आणि धरणात सुटतात. मग जाळ्यातून निसटणाऱ्या पिल्लाची कुणाला फिकीर? म्होरल्या सालाची पावतीच मिळते.

मामांच्या मुलाकडे असंच विकतचं फेकजाळं आहे, एका बोटाच्या घराचं. ते दगडाला, बाभळीच्या बुडलेल्या फांदीला अडकून फाटतं, आणि पावसाळ्यात दुरुस्तीला ओसरीवर येतं. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा मामा तेच मांडीवर घेऊन बसले होते. फाटलेल्या जागी त्यांनी आपल्या सुतानं ठिगळ विणलं होतं, आपल्या पट्टीनं. त्या हिरवट चकाकत्या जाळीत मळकट सुताच्या चार-पाच खिडक्या, प्रत्येकीची घरं तीन बोटांची.

मुलगा दारातून करवादला, "दादा, अख्खं पोतं तिथूनच निघून जातंय की!"

"दुसरी पट्टी न्हाई माझ्याकडं," मामा म्हणाले आणि सूत दातानं तोडलं.