पाचव्या दिवशी तीनच अध्याय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



परीक्षा जवळ आल्या की गुरुवारच्या आरतीला मुलं दिसेनाशी होतात. विचारलं की घरचे सांगतात, "यंदा इंटर आहे ना!" जामबाग, कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, आपल्या मराठी घरांतून सध्या हेच चाललंय. म्हणून आज थोडं या मुलांविषयी आणि जास्त करून आपल्या मोठ्यांविषयी.

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यातले एक आजोबा पारायणाला बसले होते. सोबत नातू यायचा. इंटरचं पहिलं वर्ष, एमपीसी. पहाटे उठून कॉलेज, संध्याकाळी जेईईचा क्लास, रविवारी टेस्ट, वर ईएपीसेटची पुस्तकं आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ऑलिम्पियाडचीही तयारी. आल्या दिवशी आम्ही त्याला काय विचारलं असेल? "आयआयटी ना रे? शाब्बास, सगळं कर!" जेवलास का, झोपलास का, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. ही चूक आमची, ती आधी कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी पोर पोथीशेजारी बसल्या बसल्या पेंगायला लागलं. आरतीनंतर हळूच म्हणालं, "काका, रोजचं रोज पुरं होतच नाही. काहीतरी राहतंच. मी आळशी आहे का हो?" वहीतलं वेळापत्रक दाखवलं. मोठ्या सुबक अक्षरात लिहिलेलं, प्रत्येक धड्याला एक तास. अठरा तास अभ्यासाचे, आणि झोपेचा रकाना रिकामा.

उत्तर आम्हाला सुचलं नाही. ते पोथीनेच दिलं.

आपण सप्ताह वाचतो त्याची वाटणी सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि शेवटी समाप्ती. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२ अध्याय होतात आणि पाचव्या दिवशी फक्त ३. पोराने मोजलं आणि पाचव्या दिवशी आजोबांना म्हणाला, "आज सुट्टीच की! तीनच आहेत." आजोबा हसले. "बस तर खरं."

छत्तिसावा अध्याय सुरू झाला. ज्यांनी वाचलाय त्यांना ठाऊक आहे तो केवढा आहे. पानं उलटतात, दिव्यात तेल घालावं लागतं, अध्याय काही संपत नाही. तो संपेपर्यंत मुलगा गप्प झाला. उठताना म्हणाला, "ज्यांनी वाटणी केली त्यांनी अध्याय मोजले नाहीत, अध्यायांचं वजन केलं."

इतकी वर्षं पारायणं केली, पण हे आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या सोळा वर्षांच्या पोराच्या ध्यानात आलं.

त्या रात्री त्याने वेळापत्रक फाडलं. 'युनिट्स अँड मेजरमेंट्स' एका संध्याकाळी होतं, 'रोटेशनल मोशन'ला आठवडा लागतो. दोघांना एकेक तास दिला तर पहिल्यात वेळ वाया जाणार आणि दुसऱ्यात रोज हार होणार. आळस कुठेच नव्हता, वाटणी चुकली होती. आता आधी तो प्रत्येक धड्याला खरोखर किती वेळ लागला ते लिहून ठेवतो आणि मग पुढचा आठवडा आखतो. जड धड्याच्या दिवशी दुसरं काही जड ठेवत नाही.

दुसरी गोष्ट आपल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी दाखवली. ईएपीसेटला १६० प्रश्न, त्यातले ८० गणिताचे, ४० भौतिकशास्त्राचे आणि ४० रसायनशास्त्राचे. जेईई मेनला ७५ प्रश्न, विषय तेच तीन. इंटरलाही हेच तीन विषय, फक्त तिथे सविस्तर लिहावं लागतं. पोती तीन दिसतात, आतला माल बराचसा एकच. एक धडा मुळापासून समजून घेतला की तिन्हीकडे उपयोगी पडतो. तीन क्लासचे तीन गठ्ठे वेगवेगळे घोकायला गेलं की तिप्पट होतो. मात्र इंटरच्या १००० गुणांत इंग्रजी आणि दुसरी भाषा मिळून दोन वर्षांचे ४०० येतात. "भाषा काय, होईल शेवटी" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

राहिलं ऑलिम्पियाड. सप्ताहाला बसण्याआधी आपण संकल्प सोडतो, आणि सांगता करता येईल एवढाच संकल्प सोडावा असं आपले वडीलधारे सांगत आले. आणखी एक, जो आसनावर बसणार त्यानेच संकल्प करायचा असतो. मग मुलांच्या अभ्यासात संकल्प आईबापांचा आणि आसनावर पोर, असं का चालतं? फी भरली म्हणून? शेजारच्याचा मुलगा करतो म्हणून? त्या मुलाला ऑलिम्पियाड सोडायचं होतं, पण वडिलांना सांगायची भीती वाटत होती. शेवटी आजोबांना बरोबर घेऊन सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री साडेदहाला स्वतः उठून त्याच्या खोलीतला दिवा मालवून आले. यापेक्षा मोठा आशीर्वाद काय असतो?

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी जागरणाचं कौतुक केलेलं नाही. जेवण, झोप, काम, सगळं मापात असेल त्यालाच योग साधतो असं ते अर्जुनाला सांगतात. पाठ झालेलं झोपेत मुरतं. झोप चोरून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या तांब्याने अभिषेक.

ओझं आपल्याकडे नवं नाही. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांनी घरी मराठी आणि शिक्षणात उर्दू असं दुहेरी सांभाळलं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं तेच उर्दू माध्यमातून. इथल्या मराठी मंडळींनी आपल्या जामबागेत विवेकवर्धिनी उभी केली ती मुलं शिकून ताठ उभी राहावीत म्हणून, वाकून जावीत म्हणून नव्हे.

आणि एक गोष्ट जड मनाने. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या तेलंगणात इंटरचे निकाल लागल्यावर वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. ती कुणाची तरी अशीच, आरतीला पेंगणारी मुलं होती. पोर गप्प झालं, जेवण सुटलं, "माझ्याने होत नाही" म्हणालं, तर उपदेश करू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे. तिथे फोन करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नव्हे. वाट दाखवणारा माणूस पाठवणं हीसुद्धा गुरुकृपाच.

*या आठवड्याचा नेम*
मुलांनी: सात दिवस प्रत्येक धड्याला लागलेला खरा वेळ लिहावा. बसण्याआधी पाच मिनिटं नामस्मरण.
पालकांनी: सात दिवस "किती झालं?" विचारू नये. "जेवलास का?" एवढंच विचारावं.
आम्ही सेवेकऱ्यांनी: आरतीला आलेल्या मुलाला रँक विचारायची नाही. प्रसाद द्यायचा. झोप आली असेल तर सतरंजी अंथरून द्यायची.

त्या मुलाची रँक काय येईल ती येवो. गेल्या गुरुवारी तो आला, आरतीत टाळ वाजवला आणि शेवटपर्यंत जागा होता. आम्हाला तेवढं पुष्कळ आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🌺