समोर आपली मुलगी असती तर?

माझा मावसभाऊ मूळचा निपाणीचा. गेली सहा वर्षे तो बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासणीचे काम करतो. मीही शिक्षणासाठी याच शहरात असते. मागच्या वर्षी एके दिवशी त्याचा फोन आला. "तू कॉमर्सची आहेस ना, मग मला एक हिशेब करून दे."

हिशेब एका गाडीचा होता. तुमकूर रस्त्याजवळच्या एका गॅरेजमध्ये परदेशी बनावटीची, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार विकायला होती. अपघातात ती पुढून पार चेपली होती. विमा कंपनीने तिला 'टोटल लॉस' ठरवले, कुणीतरी ती लिलावात घेतली आणि दुरुस्त करून उभी केली. किंमत १४ लाख. अपघात न झालेली तशीच जुनी गाडी याच्या दुपटीला जाते. दादाची साठवण ८ लाख होती, उरलेल्यासाठी तो कर्ज काढणार होता. २५ हजारांचा बयाणाही देऊन बसला होता.

शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर अशाच गाड्या काढणारा मुलगा तो. त्यामुळे "नको घेऊस" हे दोन शब्द मला सहज म्हणता येईनात.

इच्छा वाईट नसते

आपल्यापैकी अनेकांना वाटते की साधकाने अशा गाडीची इच्छाच धरू नये. मला तसे वाटत नाही. आपल्या परंपरेने अर्थ आणि काम यांना पुरुषार्थात स्थान दिले आहे. फक्त त्यांच्या आधी धर्माला बसवले आहे. म्हणून "ही इच्छा का झाली?" यापेक्षा "ही इच्छा कोणत्या वाटेने पूर्ण होते आहे?" हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो.

दुरुस्त केलेली वस्तू घेण्यातही काही कमीपणा नाही. उलट मोडलेले जोडून वापरणे ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे. पीण्यासारख्या वसाहतीत हजारो हात याच कौशल्यावर जगतात. डेंटर, पेंटर, वेल्डर यांच्या हाताला मान द्यायलाच हवा. मग अडचण नेमकी कुठे होती?

'टोटल लॉस' म्हणजे काय?

आपल्याकडे मोटार विम्यात गाडीची एक ठरलेली किंमत असते, तिला 'आयडीव्ही' म्हणतात. गाडी जुनी होईल तशी ती घटते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, आणि चार वर्षांची गाडी पाचव्यात पदार्पण करते तेव्हा ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त जात असेल, तर विमा कंपनी दुरुस्तीऐवजी ठरलेले पैसे देते आणि उरलेली गाडी लिलावात जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या पूर्व भागात पूर आला, तेव्हा महागड्या गाड्या तळघरांत बुडालेल्या आपण बातम्यांत पाहिल्या. पुरातल्या अनेक गाड्यांचा प्रवास याच वाटेने होतो.

म्हणजे 'टोटल लॉस' हा मुळात पैशांचा निर्णय आहे. गाडी रस्त्यावर आणता येणारच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. दादाचेही हेच म्हणणे होते, आणि ते बरोबर होते.

पण मग १४ लाखांत गाडी परवडते कशी? सुट्या भागांच्या खऱ्या किमतीने दुरुस्ती परवडत नव्हती म्हणूनच तर कंपनीने ती सोडली. कुठेतरी काहीतरी वाचवलेले असणार. आजच्या गाडीचा सांगाडाच अपघाताचा धक्का शोषून घेण्यासाठी बनवलेला असतो. त्यातले जास्त ताकदीचे पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले, तर त्याची ताकद कमी होते. एकदा फुगलेली एअरबॅग नवीनच बसवावी लागते आणि ती महाग असते. ती न बसवताच डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा बंद करून ठेवणारेही असतात. वरून रंग चकचकीत असतो, आणि आत काय आहे ते पुढच्या अपघाताच्या वेळीच कळते.

लाल ट्रे

रविवारी सत्संग आटोपून मी मेट्रोने 'पीण्या इंडस्ट्री' स्थानकावर उतरले. दादा तिथे वाट पाहत होता. चहा घेता घेता मी त्याला त्याच्याच कारखान्याची आठवण करून दिली. आयुधपूजेला तो मला तिथे घेऊन गेला होता. यंत्रांना झेंडूचे हार घातले होते, दारात कुंकू लावून कोहळा फोडला होता. तपासणीच्या टेबलाशेजारी मला एक लाल ट्रे दिसला होता. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला होता, "यातले जॉब नापास. पिवळा टॅग म्हणजे रीवर्क, पुन्हा काम करून पुन्हा तपासायचे. त्याची नोंद राहते."

"मग रीवर्क केलेला जॉब तुम्ही पाठवता का?" मी आता विचारले.

"पाठवतो की. मापात बसला तर."

"आणि कुणी टॅग काढून, न तपासता चांगल्या मालात मिसळला तर?"

तो ताडकन म्हणाला, "त्याला घरीच पाठवतील. तो जॉब कुणाच्या ब्रेकमध्ये बसेल, सांगता येतं का?"

एवढे बोलून तो स्वतःच गप्प झाला. गाडीची दुरुस्ती झाली यात दोष नव्हता. तिचा टॅग कुणीतरी काढून टाकला होता, दोष तिथे होता.

कायद्यातला घोडा

दुरुस्तीचा तपशील विचारल्यावर गॅरेजवाला दादाला म्हणाला होता, "मी खोटं काहीच बोललो नाही." कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ऐकले की भारतीय करार कायदा, १८७२ आठवतो. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. बोलण्याचे कर्तव्य नसेल, तर नुसते गप्प राहणे ही फसवणूक होत नाही, असे तिथे म्हटले आहे. उदाहरण घोड्याचे आहे. एक माणूस सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायद्याच्या नजरेत ही फसवणूक नाही.

याच्या लगेच पुढे दुसरे उदाहरण आहे. घोडा तोच आणि विकणाराही तोच. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

परीक्षेसाठी हे दोन्ही दाखले मी पाठ केले होते. त्यांच्यात एवढा मोठा प्रश्न दडला आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. घोडा बदलला नाही, दोषही बदलला नाही. बदलले ते फक्त समोरच्याशी असलेले नाते. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून तो कुटुंबाच्या उंबरठ्यावर थांबतो. साधनेचे काम तिथून पुढे सुरू होते. सारे जग एक कुटुंब आहे असे आपण प्रार्थनेत म्हणतो. ते खरे मानायचे, तर बाजारात आपल्यासमोर उभा राहणारा प्रत्येक ग्राहक ही आपली मुलगीच आहे.

मी दादाला विचारले, "तीन-चार वर्षांनी तू ही गाडी विकशील, तेव्हा घेणाऱ्याला सगळं सांगशील?"

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं तर घेईल कोण?"

मला वाटते, निर्णय तिथेच झाला. विकताना खरे सांगता येणार नाही अशी वस्तू आपण घेतो, तेव्हा गाडीसोबत एक खोटेही विकत घेतो. ते आज आपल्याला दिसत नाही, कारण ते बोलण्याची वेळ पुढे असते. शिवाय मधल्या काळात शेजारच्या आसनावर मावशी बसणार असते.

सोडण्याची किंमत

दादाने गॅरेजवाल्याकडे तीन गोष्टी मागितल्या: सर्व्हेअरचा अहवाल, बदललेल्या भागांची बिले, आणि बाहेरच्या जाणकाराकडून गाडी उचलून खालून तपासण्याची मोकळीक. हे मिळाले असते आणि सगळे ठीक निघाले असते, तर "घे" असेच मी म्हटले असते. पण उत्तर आले, "कागद कशाला बघता, गाडी बघा ना."

दादाने व्यवहार सोडला. बयाण्याचे २५ हजार परत मिळाले नाहीत. तो अजूनही कधीकधी म्हणतो, "गाडी कदाचित चांगलीच असेल." असेलही. योग्य निर्णयानंतर मन लगेच शांत होते असे प्रवचनात ऐकायला बरे वाटते, पण नेहमी तसे होत नाही. हुरहूर राहते. ती राहिली म्हणून निर्णय चुकला असे मात्र नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःकडेही पाहू लागले आहे. अनुवादाची सेवा करताना एखादे वाक्य मला नीट समजत नाही. मग मी ते गोलमाल पण सफाईदार मराठीत बसवून पुढे जाते. वाचणाऱ्याला सांधा दिसत नाही. हाही टॅग काढून टाकण्याचाच प्रकार आहे. आता अशा ओळीखाली मी खूण करून ज्येष्ठांना विचारते. वेळ लागतो, थोडा कमीपणाही वाटतो.

आपण सगळेच कुठे ना कुठे दुरुस्त झालेली माणसे आहोत. चुकलो, मोडलो, कुणीतरी सांधले, म्हणून उभे आहोत. त्याची लाज नको. पण नात्यात असो, दुकानात असो की सेवेत, आपण समोरच्याला काही देत असू, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारूया: मला ठाऊक असलेले सगळे मी याला सांगितले आहे का? याच्या जागी माझी मुलगी असती, तर मी गप्प राहिले असते का?